लॅबवाल्या मावशी आणि आमचे जड पाणी

लॅबवाल्या मावशी कोणाच्याही घरी गेल्या की खुर्चीवर टेकण्याआधी स्वयंपाकघरात शिरत आणि पाणी तापवायचे पातेले मागत. चहा वगैरे नंतर. पातेले उजेडाकडे तिरके धरून तळाचा पांढरा थर त्या नखाने खरवडत, चिमटीत चोळून पाहत आणि म्हणत, "बोअरचं पाणी हाये. डाळ शिजाले वेळ लागते ना तुमच्या इथं?" डाळ खरोखरच वेळ घेत असे. एका घरात सासूबाई याच कारणावरून नव्या सुनेला बोलत होत्या. मावशींनी पातेले त्यांच्या हातात ठेवले आणि सांगितले, "पोरीले काहून बोलता? या थराले बोला."

मावशी बालाघाटच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. लग्न केले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी माशांच्या पाच टाक्या मांडल्या आणि गावात ज्याच्या टाकीत मासे मरत, तो त्यांच्याकडे धावत असे. आम्हीही तसेच धावलो.

आमच्या टाकीमागे एक दुखणे होते. माझ्या सासऱ्यांना, बाबूजींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. डॉक्टर म्हणाले, समोर काहीतरी हलते-बोलते ठेवा. बोलते कुठून आणणार, म्हणून यजमानांनी हलते आणले: काचेची टाकी आणि निळ्या-लाल पट्ट्याचे पंधरा इवले मासे. बाबूजी दिवसभर त्यांच्याकडे पाहत. तळाशी भेडाघाटहून आणलेले संगमरवराचे पांढरे तुकडे होते. माझ्या दिवंगत सासूबाईंनी त्यांच्या शेवटच्या सहलीत ते पदरात बांधून आणले होते.

दुसऱ्या आठवड्यापासून मासे मरू लागले. मेलेला मासा बाबूजी उठायच्या आत काढायचा, असे आम्ही ठरवले. पण ते मोजत असत. एक कमी झाला की त्या दिवशी तोंड मिटून घेत, घास घेत नसत. दुकानदाराने पाण्याचा पीएच उतरवायची बाटली दिली. आम्ही रोज सकाळी तिचे थेंब टाकत होतो आणि मासे मरतच होते. चार उरले, तेव्हा मी मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्या आल्या, पातेले पाहून झाले, आणि मग त्यांनी अशी गोष्ट केली जी झटक्यानंतर आमच्या घरात कोणीच केली नव्हती. खुर्ची ओढून त्या बाबूजींच्या समोर बसल्या आणि त्यांच्याशी बोलू लागल्या. आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलत होतो, त्यांच्या डोक्यावरून. मावशी म्हणाल्या, "बाबूजी, आत्ताच मी निदान करणार नाही. सकाळी एकदा मोजते, संध्याकाळी एकदा मोजते. मंग सांगते."

काचेच्या नळीत टाकीचे पाणी घेऊन त्यांनी थेंब मोजले. कोकम सरबतासारखे लाल झालेले पाणी एकेक थेंब पडता पडता एकदम निळे झाले. जितके थेंब, तितके पाणी जड. आमचे पाणी चांगलेच जड निघाले. मग एक पांढरा तुकडा काढून त्यांनी तो कानशीने खरवडला आणि त्या भुकटीवर आम्लाचा थेंब टाकला. बारीक फेस आला. संध्याकाळी त्यांनी पीएच पुन्हा पाहिला. सकाळी बाटलीने उतरलेला आकडा जिथला तिथे परत चढला होता.

"पाहून राह्यली का वं सुनंदा?" त्या मला म्हणाल्या. "तू वरून आंबट टाकते, पाण्यातला चुना अन् हे गोटे ते खाऊन टाकतात. सकाळी खाली, संध्याकाळी वर. जडपणानं नाही मेले मासे. झोक्यानं मेले. रोज कोणी तुले पहाडावर चढवलं अन् उतरवलं तर तू काय करशील? ते बाटली फेक पहले."

बाटली गेली. मग त्या पुन्हा बाबूजींकडे वळल्या.

"बाबूजी, दोन रस्ते हायेत. हे मासे हलक्या पाण्यातले. यायले ठेवाचं असन तर गोटे काढा लागते, मशीनचं गाळलेलं पाणी मिसळा लागते. दुसरा रस्ता, गोटे राहू द्या, पाणी राहू द्या, मासे बदला. जड पाण्यात खुश राहणारे मासे बी असतात. चूक दोन्हीत नाही. टाकी तुमची हाये, तुम्ही सांगा."

मी म्हणणार होते की त्यांना कसे सांगता येईल. मावशींनी मला हातानेच थांबवले. आम्ही वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. मग बाबूजींचा डावा हात ब्लँकेटवरून उचलला गेला, काचेला लागला आणि हळूहळू खाली घसरत पांढऱ्या तुकड्यांपाशी थांबला. मावशी एवढेच म्हणाल्या, "हौ. समजलं."

उरलेले चार मासे त्या आपल्या हलक्या पाण्याच्या टाकीत घेऊन गेल्या आणि आमच्याकडे जड पाण्यात रमणारे गप्पी आणि काळे मोली आले. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवून, थोडे थोडे आमचे पाणी आत घालत, त्यांनी मासे सोडायला अख्खी दुपार लावली. दीड महिन्यात गप्पींना पिल्ले झाली. बाबूजी डाव्या हाताच्या बोटांनी ती मोजत आणि मोजता मोजता हिशोब चुकला की घशातून एक आवाज काढत. तो हसण्याचा आवाज आहे, हे आम्हाला दोन दिवसांनी कळले. त्यानंतर ते चार वर्षे होते, आणि घासासमोर त्यांनी पुन्हा कधी तोंड मिटले नाही.

मी मावशींकडे जाऊ लागले ती अशी. त्यांच्या प्रत्येक टाकीची एक वही होती. तारीख, जडपणा, पीएच, किती पाणी बदलले. "आकडा चांगला-वाईट नसते," त्या म्हणत. "कालच्यासारखा हाये का नाही, ते पाह्य." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले की आता माझ्या तोंडी ते माझे म्हणून येते.

त्यांचा स्वभाव मात्र ऐकून घेण्याचा नव्हता. एका पावसाळ्यात त्यांनी एंजल माशांसाठी टिनाच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवले आणि टाकीत तेवढेच भरत गेल्या. मी भीतभीत विचारले, "मावशी, थोडं नळाचं बी टाकाचं का?"

"मले शिकवून राह्यली का?" त्या कडाडल्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावून घेतले. सहाही एंजल आडवे तरंगत होते. पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच विरघळलेले नसते. पीएच धरून ठेवायला त्यात चुन्याचा अंशही नव्हता, आणि तो एकदम कोसळला होता. मला वाटले, रडतील. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिले होते: "चूक माझी. सुनंदाने विचारले होते." पुढे कोणी पावसाच्या पाण्याविषयी विचारायला आले की त्या तेच पान काढून दाखवत. इतक्या ताठ मानेने स्वतःची चूक दाखवणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

मग एका वर्षी वहीतले आकडे चढू लागले. आज सहा जास्त, परवा आठ. पाणी तेच, नळ तोच. मी समोर बसून पाहिले. नळीतले पाणी निळे झाले तरी मावशी थेंब टाकत राहिल्या. टाकता टाकता सहज विचारल्यासारखे म्हणाल्या, "निळं झालं का वं?"

"हौ, आत्ताच," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू. किती थेंब आधी झालं?"

"सहा."

त्यांनी बाटलीला बूच लावले. साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी नजर परत येणार नाही म्हणून सांगितले होते, आणि हे त्यांनी तीन महिने कोणाला कळू दिले नव्हते. "अंधारात चालता येते मले," त्या म्हणाल्या. "पण लाल अन् निळं एकच दिसत असन तर जीव पाळू नाही."

पाचही टाक्या द्यायच्या ठरल्या. पण मागेल त्याला द्यायच्या नाहीत. माझ्या स्कूटरवर मागे बसून, नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन, त्या घरोघरी गेल्या. मी रंग पाहत होते, त्या निकाल देत होत्या. एका साहेबांच्या बंगल्यात चकचकीत टाकी तयार होती, हलक्या पाण्याचे मासे हवे होते. त्यांचे पाणी आमच्याहून जड. मावशींनी सरळ नाही म्हटले. ते मासे लालबर्रा गावच्या एका कंपाउंडरच्या जुन्या, कोपऱ्यात तडा सांधलेल्या टाकीत गेले, कारण त्याच्या विहिरीचे पाणी जुळत होते. "साहेब नाराज झाले," मी म्हणाले. "साहेब पाण्यात राहणार हायेत का?" मावशी म्हणाल्या.

त्या गोंदियाला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. मागच्या चैत्रात मी त्यांना भेटायला गेले. दिसणे जवळपास संपले होते. ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, मला आवाजावरून ओळखलेच. मी पेढ्यांचा डबा हातात दिला. त्यांनी तो चाचपून बाजूला ठेवला.

"हे ठीक हाये. पाणी कुठी हाये तुमच्या इथलं?"

माझ्याजवळ घरून भरलेली प्यायची बाटली होती, गाडीत अर्धी संपलेली. तेवढ्यावर त्या खुश झाल्या. पेटी मागवली. नळी धरायला मला दिली आणि थेंब स्वतःच्या हाताने टाकत, मोठ्याने मोजू लागल्या. बाविसाव्या थेंबाला मी थांबवले. यावेळी खरे तेच सांगितले.

त्यांनी नळी माझ्या हातून घेतली. "नेहमीपेक्षा जास्त लागले. बोअर खाली गेलं तुमचं," म्हणाल्या. "उन्हाळा यंदा लवकर लागला तिकडे. आता टाकीचं पाणी बादलीभर एकदम नको बदलू, दोन-दोन लोटे टाक. अन् आजूबाजूच्यायले बी सांग."

मी हौ म्हणाले. माझ्या गाडीला अजून अवकाश होता. मावशींनी नळी धुऊन झटकली आणि बहिणीला हाक मारली, "वं, नळाचं एक गिलास पाणी आण. आता इथलं पाहू."