सासऱ्यांनी आणलेली गुळवेल

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवर सासरे उतरले तेव्हा त्यांच्या हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठं, ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं होतं. आत सांगलीच्या घरामागच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल होती. वाटेत ती सुकू नये म्हणून रात्रभर ते गोणपाटावर पाणी शिंपडत आले होते.

माझ्या नवऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता आणि केमो सुरू झाली होती. आम्ही दोघं नोकरीसाठी चेन्नईत आलेलो, अण्णा नगरात भाड्याने राहायचो. सिरुसेरीच्या ऑफिसात जाणं त्याने केव्हाच थांबवलं होतं. औषधामुळे त्याला थंड म्हणून काही सोसत नव्हतं. फ्रिजचं दार धरलं तरी बोटांत सुया टोचायच्या. भर मे महिन्यात तो कोमट पाणी पीत बसायचा. फोडणीचा वास आला की उठून बाल्कनीत जायचा.

सासऱ्यांनी आल्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. सकाळी गुळवेलीचा काढा. बाल्कनीत आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत गहू पेरले, त्यांच्या कोवळ्या पात्यांचा रस. मी म्हटलं, "बाबा, एकदा डॉक्टरांना विचारू या का?"

"घरचंच आहे गं. त्यात काय विचारायचं?"

सासूबाई गेल्यापासून हे बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे. आता रोज सकाळी सासरे वाटी घेऊन त्याच्याजवळ बसत आणि तो ती रिकामी करी. कधी कधी मग बाथरूममध्ये जाऊन ओकून येई.

"त्यांना सांगू नकोस," तो मला म्हणाला. "त्यांना काहीतरी करू दे."

पुढच्या केमोआधीच्या तपासणीत त्याच्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या आणि यकृताचे आकडे वाढलेले. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली आणि विचारलं, आमच्या औषधांखेरीज आणखी काही घेताय का? मी सगळं सांगितलं. सासरे शेजारीच बसले होते. इंग्रजी कळत नव्हतं, तरी 'गुळवेल' हा शब्द त्यांनी ऐकला.

"काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात तिथल्या आहारतज्ज्ञ बाई पुढे झाल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं, पण ते ऐकून सासरे एकदम सावरून बसले. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलत होतं.

"बाबा, यकृत केमोनंही बिघडतं, काढ्यानंही बिघडू शकतं," त्या म्हणाल्या. "कशानं झालं ते आता सांगता येत नाही. म्हणून काढा बंद. आणि अंगातली ताकद कमी असताना कच्चा रस नको, त्यातनं जंतू जातात."

"मग मी काय देऊ?" सासऱ्यांनी विचारलं.

"आलं घालून उकळलेलं पाणी, थोडं थोडं. मळमळीला बरं पडतं. तोंड आलं तर तेही नको, मऊ पेज द्या. नवीन काही द्यायचं तर आधी आम्हाला विचारा."

घरी आल्यावर सासऱ्यांनी गव्हाचे डबे स्वतःच रिकामे केले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आल्याचं पाणी उकळलं, पेज केली आणि आम्हा दोघांना हाक मारली. यकृताचे आकडे खाली आले, केमो पुन्हा सुरू झाली. काही आठवडे खरंच बरे गेले. पेज पोटात राहू लागली. बापलेक बाल्कनीत बसून गावातल्या माणसांविषयी बोलत. एकदा तो मोठ्याने हसल्याचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

मग स्कॅनमध्ये दिसलं की आजार यकृतात आणि फुप्फुसांत पसरलाय. डॉक्टरांनी केमो थांबवायला सांगितलं.  घरी आल्यावर सासरे म्हणाले, "आता देऊ का काढा? आता तर तो कशाच्या आड येणार नाही."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्याला हवासा वाटला तर घोटभर द्या. त्याने तो घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "बाबा, आई याच्यात गूळ घालायची."

"घालायची खरी," सासरे म्हणाले आणि गूळ आणायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पावसाळा संपायच्या आत तो गेला, दुपारी, घरीच. सासरे आणि मी जवळ होतो.

सगळे विधी झाल्यावर मी सासऱ्यांना गाडीत बसवायला गेले. गाडी सुटायला वेळ होता. खिडकीतून ते म्हणाले, "एक विचारतो. माझ्या काढ्यानं तर नाही ना झालं?"

"नाही बाबा. आजारच पसरला होता."

"तरी एकदा डॉक्टरांना विचार."

मी हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारलं. डॉक्टरांनी जुने कागद काढून पाहिले. यकृत तेव्हा सुधारलं होतं, आजार आपल्या वाटेनं पुढे गेला, असं त्यांनी सांगितलं. आधी ते काढ्यानं बिघडलं होतं की औषधानं, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. मी सांगलीला फोन करून जसंच्या तसं सगळं सांगितलं.

 पलीकडून सासरे म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"

अजून नाही, मी म्हटलं. "मग जेव आधी," ते म्हणाले, पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही.