वादीतली वाट

कतारमध्ये एकही नदी नाही, हे नवऱ्यानं मला विमानात बसल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी आले नसते असं नाही, पण मी नाशिकची. नदी नसली की गाव कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हेच मला उमगत नाही. "समुद्र आहे की," तो म्हणाला. समुद्र असून उपयोग काय? आम्ही राहायला गेलो उम्म सलाल मोहम्मदला, समुद्र सोडून आत.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून कितीतरी वर्षं होती, पण त्याच्या नावानं सगळं आधीच खणून ठेवलं होतं. काल जिथून वळलो तिथे आज पत्रे ठोकलेले असायचे आणि डायव्हर्जनची पाटी दर आठवड्याला नव्या दिशेला बाण दाखवायची. नवरा त्यातल्याच एका रस्त्याच्या कामावर इंजिनियर होता. सकाळी लवकर गाडी घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा आपटलेली. टॅक्सीवाल्याला घराची खूण सांगावी तर तोवर ती खूणच पाडलेली असायची. म्हणजे ज्या रस्त्यांपायी मी घरात अडकले होते ते रस्ते आमच्याच घरातला माणूस बांधत होता. हे मी त्याला रोज जेवताना ऐकवायचे.

नाशिकला मी शाळेत गणित शिकवायचे. बिनपगारी रजा काढून आले होते आणि जूनमध्ये परत रुजू होणार की नाही, हे मार्चअखेर शाळेला कळवायचं होतं. नवऱ्यानं सरळ सांगितलं, "मार्चपर्यंत बघ. नाही रमलीस तर जा परत. काँट्रॅक्ट संपेपर्यंत मी राहीन एकटा." बोलला समजूतदारपणे, पण ताटातला भात चिवडत. मला त्याला एकटं टाकायचं नव्हतं आणि असं चार भिंतींत सडायचंही नव्हतं. डिसेंबर आला तरी मी मनातल्या मनात बॅग भरायचे आणि पुन्हा रिकामी करायचे.

त्याच महिन्यात मला भाभी भेटली. सुपरमार्केटमध्ये मी अळूची जुडी उचलली, तर मागून आवाज आला, "ती नको घेव गो, खाजंल." मी गर्रकन वळले. अंगात काळा पायघोळ अबाया, डोक्याला घट्ट ओढणी आणि तोंडात चक्क मराठी! बाई रत्नागिरीकडची, तिचा नवरा बांधकामाच्या सामानाच्या दुकानात. आम्ही तिथेच उभ्या राहून इतक्या बोललो की अळू राहूनच गेलं. तिची मुलगी नववीत, गणितात कच्ची. "शिकवशील काय गो वैनी?" तिनं विचारलं. उपाशी माणसाला पान वाढल्यासारखं झालं मला.

भाभीचं घर तसं जवळच होतं. आमच्या गच्चीवरून तिच्या गल्लीतल्या मशिदीचा मिनार दिसायचा. पण गाडीनं जायचं तर हायवेला लागायचं, मग भलतीकडे जाऊन उलटं वळायचं, आणि ते वळण त्या आठवड्यात उघडं असलं तर नशीब. पहिल्या शुक्रवारी नवऱ्यानं नेलं, त्यात अख्खी सकाळ गेली. येताना तो म्हणाला, "हे दर आठवड्याला नाही जमायचं." त्याचंही खरंच होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी सायकल घेतली. गाशा गुंडाळून केरळला निघालेल्या एका कुटुंबाची, जाड टायरची, माझ्या उंचीला जराशी मोठी. भाभीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "गाडीच्या वाटेनं येव नको. वादीतना ये. शेतांच्या मागनं खडीची वाट हाय. गाडी म्हणून येक येत नाय."

मी ऐकलं 'वाडीतनं'. कोकणातली बाई वाडी नाही म्हणणार तर काय म्हणणार! मी निघाले. शेवटचा व्हिला मागे पडला, खजुराच्या शेताची सिमेंटच्या ब्लॉकची लांबलचक भिंत संपली आणि वाट सखल भागात उतरली. खरोखरच एक गाडी नव्हती. मी मात्र वाडी शोधत होते. चार घरं, एखादी विहीर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, काहीतरी दिसेल म्हणून. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. शेवटी वैतागून फोन लावला.

"भाभी, इथे वाडीबिडी काही नाही."

"तू उभी कुटं हायस?"

"कुठेच नाही! बोरीची झाडं आहेत, बकऱ्या आहेत आणि खडी आहे."

"दोन्ही अंगांना जमीन उंच हाय काय?"

"आहे जराशी."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "वाडी नाय गो बाय, वादी! अरबी लोक नदीला वादी बोलतात. तू नदीत उभी हायस. पाणी नाय, येवढाच."

मी सायकल आडवी टाकली आणि खडीवर बसले. दोन्हीकडची उंच जमीन म्हणजे काठ होते तर. बोरी तिथेच का वाढल्या, बकऱ्या तिथेच का चरत होत्या, हे सगळं एकदम लक्षात आलं. नदी तुडवत नदीच्या नावानं खडे फोडत होते मी. हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला मी कुठे आहे ते कळलं होतं.

तो हिवाळा मी वादीत काढला म्हटलं तरी चालेल. आठवड्यातून तीनदा जायचे. खडीवर सायकल चालवायची म्हणजे डांबरावरचं सगळं विसरावं लागतं. हँडल आवळून धरलं की पडलातच समजा. सैल धरलं की चाक आपलं आपण सावरतं. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची. आणि पुढचा ब्रेक एकटा कधीही दाबायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या गुडघ्यांनी शिकवलं. जानेवारीत एकदा पाऊस पडला आणि बोरींखाली डबकी साचली. चार दिवसांत तिथे हिरवं पोपटी काहीतरी उगवलं. मी उगाचच उतरून त्याच्याकडे बघत उभी राहिले.

भाभीची मुलगी माझं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची. पण गणित सुटलं की "उरले किती?" हे मात्र माझ्याच सुरात ओरडायची. मग तिच्या वर्गातल्या दोघी येऊ लागल्या. भाभी आम्हाला घावणे घालायची. घरी आल्यावर मी नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगायचे, आणि रस्त्यावरून बोलणं ऐकवायचं राहून जायचं.

मार्च लागला आणि एका सकाळी वाटच संपली. वादीत आडवा मातीचा उंच भराव, त्याच्यापुढे नारिंगी जाळी, वर रोलर फिरतोय. पहाऱ्यावरच्या माणसानं दोन्ही हात झटकले. "खलास मॅडम. रोड."

संध्याकाळी मी नवऱ्याची वाटच बघत होते. "तुमच्या रस्त्यानं माझी नदी बुजवली."

"ते माझ्याकडचं काम नाही. तो पुढचा भाग दुसऱ्यांकडे आहे."

"पण रस्ताच ना?"

"अगं, ती नदी नाही. ड्रॉइंगमध्ये नदी दाखवलेलीच नाही तिथे."

"तुमच्या ड्रॉइंगमध्ये मीसुद्धा नाही," मी म्हणाले आणि भांडी आपटायला लागले.

तो हात धुऊन झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्या भागाची ड्रॉइंगं कोणाकडून तरी मागून घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर पसरली, ताट बाजूला सारलं आणि बोटानं रेघा चाचपत बसला. वरण गार झालं. "काय शोधतोयस?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं होतं. त्याला काही सापडत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसायचं.

महिना संपत आला तेव्हा मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. काय बोलले ते नवऱ्याला सांगितलं नाही. त्यालाही विचारायची भीती वाटत असावी.

त्या शुक्रवारी तो कोणाची तरी सायकल घेऊन दारात उभा. "चल." कॉलेज सुटल्यापासून हा सायकलवर बसला नव्हता. वादीत उतरल्यावर त्याची जी काही कसरत चालली होती, ती बघून बकऱ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. भरावापाशी आल्यावर तो डावीकडे वळला. कडेकडेनं बरंच पुढे गेलो, तर भरावाच्या पोटात काँक्रीटचा मोठा चौकोनी बोगदा, आरपार उजेड.

"उंटांसाठी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "मी चुकीच्या पानावर शोधत होतो. काल सकाळी कामावर जाताना उंटांचा कळप रस्त्याच्या या बाजूला दिसला. चहा पिऊन बघतो तर त्या बाजूला. म्हटलं, हे गेले कुठून?"

"म्हणजे उंटांची सोय केलीत. बायकांची नाही."

"तुला उंटात धरायला सांगितलंय मी त्यांना," तो म्हणाला.

आत गारवा होता, लेंड्यांचा वास होता. डोक्यावरून डंपर गेला की छत घुमायचं, पण खाली आम्ही दोघंच. पलीकडच्या उजेडात मिनार दिसायला लागला, तसा त्याला धीर आला असावा. मागून त्यानं विचारलं, "शाळेला काय कळवलंस?"

"येत नाही म्हणून."

त्यानं ब्रेक दाबला. पुढचा. सायकल एकीकडे, तो एकीकडे. पडल्या पडल्याच विचारतोय, "कधी कळवलंस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तर वाट बंद होती. बोगद्याचं मलाही माहीत नव्हतं."

"हो ना."

"मग?"

मी त्याचा हात हातात घेतला. तळव्यात खडी रुतली होती, ती काढायला लागले. मला फार बरं वाटत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

"नदी नसलेल्या ड्रॉइंगमध्ये तू रोज माझी नदी शोधत होतास," मी म्हणाले. "वरण गार करून. म्हटलं, राहू या."