पुठ्ठ्याच्या गावातलं आमचं घर

माझे बाबा दरवर्षी आमच्या गावातली घरं स्वतःच्या हातानं अंधारात टाकायचे.

खरी नाही. पुठ्ठ्याची.

गौरी-गणपतीत, महालक्ष्म्यांपुढे ते आमचं गाव मांडायचे. वलगावच्या थोडं पुढे आहे ते. अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत मारुतीचा पार, मशीद, पिठाची गिरणी आणि सगळी घरं. प्रत्येक घरात टॉर्चचा एक बल्ब.

नियम एकच. घरात माणूस राहत असेल तर दिवा. कुलूप लागलं की बंद.

ती वर्षंच तशी होती. एकदा पाऊस नाही, एकदा बोंडअळी. कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणी नागपूरला. बाबा गावाला चक्कर मारून यायचे आणि एखादा बल्ब काढायचे.

आमचे गावचे शेजारी रफीकचाचा अकोल्याला गादीच्या दुकानात लागले. दरवर्षी पुरणाच्या जेवणाला यायचे अन् आपल्या अंधाऱ्या घरापुढे उभं राहून भांडायचे.

"भाऊ, सणाच्या दिवशी तरी मायं घर लाव ना!"

"तू कुलूप काढ, मी लावतो."

दोघं हसायचे. मग जेवायला बसायचे.

कुलूप तर आम्हीही लावून आलो होतो. पण आमच्या घरात दिवा असायचाच. मी एकदा टोकलं.

"बाबा, ही चीटिंग आहे."

"काहून? मी दर रविवारी जातो ना. झाडतो, तुळशीपाशी दिवा लावतो. आपलं घर बंद कुठं आहे?"

पुढे ते बल्ब मिळेनासे झाले. एका वर्षी तर त्यांच्या गरमीनं गिरणीचं छप्पर करपलं. मी हौसेनं पांढरे एलईडी आणले.

बाबांनी तोंड वाकडं केलं. "हे गाव आहे का दवाखाना?"

मी परत दुकानात गेले, वॉर्म व्हाइट आणले. आम्ही दोघांनी बसून घर न् घर जोडलं. प्रत्येकाला वेगळं बटण. पिवळसर, मऊ उजेड पडला, आणि बाबा चष्मा पुसत बघतच राहिले.

"आता वाटते, घरात कोणी जेवून राहिलं."

बंद घरांतही त्यांनी वायर टाकायला लावली.

"अहो बाबा, तिथं कोणी राहतच नाही."

"टाकून ठेव. आले वापस तं?"

बाबांना जाऊन वर्ष उलटलं. गेल्या वर्षी सण नव्हताच. यंदा गाव मी एकटीनं मांडलं.

आमचं घर बंद करायला बटणावर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. बाबा गेल्यापासून गावाला कोणीच गेलेलं नाही. मी अकोल्यात नोकरीला, आईचे गुडघे गेलेले.

रडतच म्हटलं, "आई, एवढं एक राहू दे ना चालू."

"नाही बाई. त्याईनं रफीकले नाही लावू देल्लं. आपल्याले कसं चालंन?"

मी बटण बंद केलं. इतकं जड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

आज दुपारी रफीकचाचा जेवायला आले. गावापुढे उभे राहिले.

"भाभी, भाऊचं घर काहून बंद?"

आई पानात पुरणपोळी वाढत होती. बाबा बाजारात गेले असावेत, अशा आवाजात म्हणाली,

"हे नाहीत घरी."

चाचांनी यंदा स्वतःचं घर लावायला सांगितलं नाही.

बाबा, तुमचा नियम पाळला. खूप आठवण येते.

वायर मात्र काढलेली नाही.