चार ओळींची जागा

आमच्या भावोजींच्या घरची रद्दी कुणी घेत नसे. रद्दीवाला दारातूनच म्हणायचा, "ताई, यातून तर आरपार दिसतंय." खरंच दिसायचं. भावोजी सकाळी सातला कात्री घेऊन बसत आणि नऊपर्यंत पाच वर्तमानपत्रांना खिडक्या पाडून मोकळे होत. कापलेले तुकडे बुटांच्या खोक्यांत जात, खोकी कपाटावर, आणि कपाटावरची जागा संपल्यावर मिळेल तिथे. "पाहुणे आले तर बसवू कुठे?" ताई म्हणायची. "खुर्च्यांवर बातम्या बसल्यात."

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अठरा वर्षं एकाच दैनिकात होते. एकदा मालकांनी एका पुढाऱ्याच्या सभेचा 'प्रचंड गर्दी' असा मथळा सभेच्या आदल्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून पाठवला. भावोजींनी त्या चिठ्ठीवर "गर्दी जमली की कळवा" असं लिहून परत धाडली आणि डबा घेऊन घरी आले, ते कायमचे. मग त्यांनी शहरातल्या कामगारांचा इतिहास लिहिला. डावे त्यांना उजवा म्हणत, उजवे डावा म्हणत, आणि ताई म्हणे, "घरात मात्र कुठल्याच बाजूला उपयोग नाही."

इतिहासापेक्षा त्यांचं नाव झालं ते शनिवारच्या सदरामुळे. सदराचं नाव 'समजते, पण कुणाला?' बातमीत 'असे समजते' आलं की भावोजी विचारायचे, कुणाला समजतं, कुणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला नाव का नाही? ही सवय घरातही होती.

"समोरच्यांची मुलगी नोकरी सोडून आलीय म्हणे," ताई म्हणायची.

"कोण म्हणे?"

"तुमचं डोकं म्हणे!"

एका गुरुवारी दुपारी मी ताईकडे पडद्यांना टीप मारत बसले होते, तेव्हा बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई, कडक इस्त्रीचे कपडे, छातीशी प्लास्टिकची फाइल. ताईने खुर्चीवरचं खोकं उचललं, तेव्हा त्या बसल्या.

"तुमचं सदर मी पहिल्यापासून वाचते," त्या भावोजींना म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांना विचारता, कुणाला समजलं म्हणून. एकदा माझ्यासाठीही विचारा की."

त्या बस आगारात टेलिफोन बोर्डावर होत्या. सेहेचाळीस वर्षांपूर्वी बसचालकांचा मोठा संप झाला आणि नवव्या दिवशी मोडला, कारण कुठल्या रस्त्यावर बस अडवणार हे साहेबांना आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर, खाली, चार ओळी होत्या: ही माहिती आगाराच्या टेलिफोन बोर्डावरील महिलेकडून बाहेर गेली, असे समजते.

"बोर्डावर बाई एकच होती," त्या म्हणाल्या. "मीच. नाव छापायची गरजच नव्हती."

"आणि तुम्ही..." भावोजी थांबले.

"मी संपावर होते हो! नऊ दिवस बोर्ड बंद होता. फोन लागणार कुठून? एवढं साधं कुणी विचारलं नाही." त्यांनी फाइलची बटणं उघडली. "माझे मिस्टर त्याच आगारात ड्रायव्हर. त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. पण मी खोलीत आले की चाललेलं बोलणं थांबवायचे. शेवटपर्यंत."

आता युनियनच्या नव्या इमारतीत संपकऱ्यांच्या नावांची पाटी लागणार होती. दोनशे बारा नावं, बाईंचं सोडून. सेक्रेटरी म्हणाला, बाई, मी काय करू, इतिहासाच्या पुस्तकात आहे.

पुस्तक भावोजींचं. ते बाईंना माहीत होतं, आणि मी बघितलं, भावोजी कानांपर्यंत लाल झाले होते. "पुस्तकात मी त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा आधार दिलाय," ते म्हणाले. "तळटीप आहे."

"हो, वाचली. म्हणूनच आले. त्या वर्तमानपत्राला कुणी सांगितलं, ते शोधा."

मग बाईंनी फाइलमधून त्या वर्तमानपत्राचं पान काढलं. भावोजींच्या खोक्यात त्या चार ओळींचं कात्रण होतं, ग्रंथालयातल्या अंकाची झेरॉक्स काढून कापलेलं, करंगळीएवढं. बाईंनी मात्र अख्खं पान जपलं होतं. भावोजींनी ते गुडघ्यांवर पसरलं. वर संपाची मोठी बातमी, 'आमच्या वार्ताहराकडून'. तिच्या खाली त्या चार ओळी, जरा दाटीने बसवलेल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पान ठेवून जाता का? बघतो मी."

"झेरॉक्स काढा," बाई म्हणाल्या. "पान मी कुणाला देत नाही. आणि पाटी पंधरा तारखेला रंगवून पुरी होणार आहे."

दोन दिवस भावोजींनी कात्री हातात धरली नाही. शनिवारी सदर आलं नाही. ताईने मला फोन करून बोलावलं, आणि मी पोचले तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिला सांगत होते.

"ते मीच लिहिलं होतं."

"कुणी सांगितलं होतं?" ताईने विचारलं. हा प्रश्न तिने घरात आजवर हजारदा ऐकला होता.

"कुणीच नाही. रकाना चार ओळी कमी भरत होता. छापखान्याचा फोरमन खालून ओरडला, चार ओळी द्या, पान सोडायचंय. मी चोवीस वर्षांचा होतो. उभ्या उभ्या लिहून दिल्या."

"आणि विसरलात."

"विसरलो. वीस वर्षांनी कात्रण सापडलं, तेव्हा पुरावा म्हणून मीच वापरलं."

ताईने गॅस बंद केला. भावोजी घाईने म्हणाले, "मी लिहितो ना सदरात. तो मजकूर निराधार होता, असं स्पष्ट लिहितो."

"कुणाचा मजकूर?"

"त्या वेळच्या वर्तमानपत्राचा."

"अहो, दुसऱ्या कुणाचं असतं तर तीन शनिवार झोडपलं असतंत. आधी त्यांच्या घरी जा. फोनवर नको." मग माझ्याकडे वळून, "तू जा बरोबर. हे जिन्यातून परत येतील."

आणि खरंच, दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, "आज घरी नसतील कदाचित." मी म्हटलं, "कोण म्हणे?" ते मुकाट्याने चढले.

बाईंची खोली लहान आणि नेटकी होती. भावोजी बसले नाहीत. शाळेत उभं केल्यासारखे उभ्यानेच सगळं बोलले. फोरमनचं नाव घेऊन आड लपले नाहीत, वयाचंही काढलं नाही. बाई ऐकत राहिल्या.

"चार ओळी कमी पडल्या म्हणून?" त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मला वाटायचं, माझं कुणीतरी वैरी असेल. आगारातल्या एकेकाचा चेहरा आठवत बसायचे. तो टाइमकीपर, ती साहेबांची टायपिस्ट. किती जणांशी बोलणं सोडलं मी." त्या उठल्या, खिडकीची कडी नुसतीच लावून परत काढली. "आणि वैरी कुणी नव्हतंच."

"मी पूर्ण सदर त्यावर लिहितो. दोन भागांत."

"नको. सदरात तुमचीच गोष्ट होईल. किती प्रामाणिक माणूस, म्हणतील लोक." भावोजींनी मान खाली घातली. "तुम्हीच सदरात लिहिलं होतंत ना, चूक जिथे छापली तिथेच, तेवढ्याच जागेत दुरुस्ती यावी? मग चार ओळी द्या. पहिल्या पानावर, खाली."

त्या चार ओळींना भावोजींना तीन दिवस लागले. ज्या दैनिकात ते छापलं होतं, तिथली संपादक त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "सर, एवढ्या जुन्या गोष्टीवर चार ओळी, कुणाला कळणार?"

"ज्यांना कळायला हवं ते वाचतील."

अकरा तारखेला छापून आलं: 'सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या बस संपाची माहिती टेलिफोन बोर्डावरील महिलेने फोडली, असे या दैनिकात मी लिहिले होते. ते मला कुणीही सांगितले नव्हते. रकाना भरण्यासाठी मी ते रचले. त्या स्वतः संपावर होत्या.' खाली भावोजींचं पूर्ण नाव.

सवयीने त्यांनी कात्री उचलली. ताईने पान ओढून घेतलं. "अख्खं ठेवा."

नऊ वाजता युनियनच्या सेक्रेटरीचा फोन. आवाज एवढा चढा की मला पडद्यापाशी ऐकू आला. "साहेब, आमच्याकडे म्हातारे भांडायला लागलेत. एक म्हणतो, हे तुमच्याकडून दबाव आणून लिहून घेतलंय. तुम्हाला हे नक्की कुणाकडून समजलं?"

"माझ्याकडून," भावोजी म्हणाले. "दबाव असेल तर माझाच. माझं नाव लिहून घ्या, पत्ता देतो. कुणालाही पाठवा."

दोघं म्हातारे खरंच आले, खोकी सरकवून बसले, तासभर भांडले. एकाने चहा घेतला नाही. जाताना दुसरा दारात म्हणाला, "बोर्ड नऊ दिवस बंद होता, हे मला ठाऊक होतं. पण छापून आलं होतं ना."

पंधरा तारखेला आम्ही तिघं युनियनच्या इमारतीत गेलो. नावं वर्णक्रमाने होती. बाईंचं मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, जरा दाटीने. रंग ओला होता. बाई खाली उभ्या राहून ते वाचत होत्या. भावोजी त्यांच्या मागे, थोडे लांब. त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांनी शिडी उचलून निघालेल्या पेंटरला हाक मारली. "अहो, थांबा. माझ्या आडनावातली वेलांटी दीर्घ आहे."

"बाई, खालून कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "चढा परत."