तांब्याची तार
नातवाने काल हेडफोनची तुटलेली वायर डाग देऊन जोडली आणि राळेचा तो धूर नाकात जाताच मला मुरुडजवळचा आमचा किनारा आठवला. मी तेव्हा नवी सून होते. देवळात गावाचा रेडिओ आला होता, पण आमच्या होड्या खाली वाळूत, तिथवर त्याचा आवाज येत नसे. म्हणून माझ्या दिराने मुंबईहून लाउडस्पीकरचा कर्णा आणि तांब्याची चांगली जाड तार आणली आणि देवळापासून किनाऱ्यापर्यंत ती ओढायचं ठरलं. नांगराचा दोर पारखावा तशी सासऱ्यांनी दोन्ही हातांनी ताणून तार पारखली. ती लगेच वाकली. "ही त हातानंच वाकते, दर्याच्या वाऱ्यात कशी टिकल?" म्हणत त्यांनी नारळाच्या वाडीच्या कुंपणाची लोखंडी तार लावायला सांगितली. त्या गंजक्या लोखंडातून कर्ण्यात डासासारखी नुसती गुणगुण आली. दुसऱ्या दिवशी दिराने तीच तांब्याची तार ओढली आणि सांध्यांना डाग दिला. संध्याकाळी आम्ही बायका वाळलेले बोंबील उतरवत होतो, पुरुष होड्या पाण्यात लोटत होते, आणि अचानक त्या वाळूवर एका माणसाचा स्वच्छ आवाज उभा राहिला: रात्री वादळी वारे सुटतील, कोळ्यांनी समुद्रात जाऊ नये. आभाळ तर अगदी निवळ होतं. लोटणारे हात जागच्या जागी थांबले. होड्या पुन्हा वर ओढून झाल्यावर सासरे तारेपाशी गेले, तिला बोट लावून कितीतरी वेळ उभे राहिले. "येवढा मोठा आवाज हिच्यातून गेला," ते हळूच म्हणाले, "आन ही हालली पन न्हाय." काल नातू आत गेल्यावर मीही त्याच्या वायरीला बोट लावून पाहिलं.