पेंटरकाकांचा बारीक ब्रश

आमच्या शेजारच्या पेंटरकाकांना अख्खी गल्ली खडूस म्हणते. आहेतच ते. काकू होती तोवर परसातल्या तिच्या वेलीच्या वाऱ्यालाही ते उभे राहत नसत. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र रोज पहाटे उठून वेलीपाशी बसायला लागले, तेव्हा मलाच गलबलून आलं.

काकू गेली आणि तिच्या तांबड्या भोपळ्याच्या थोड्याशा बिया डब्यात उरल्या. काकांनी सगळ्याच लावल्या. एकच वेल जगली. तिला एक भोपळा धरला तर बी पुढे टिकणार, नाहीतर काकूच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

ऊन असं की मधमाश्या फिरकेनात. पहाटे उमललेलं फूल चहा होईपर्यंत मान टाकायचं. मादीफुलाखाली इवलासा भोपळा असतो. नरफुलातले पिवळे परागकण त्या फुलात पोचले नाहीत, तर तो गळून पडतो.

"मग तुम्हीच व्हा मधमाशी," मी काकांना म्हटलं.

काका खुलले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेलेला. ठेवणीतला बारीक ब्रश काढून ते फुलाफुलांतून फिरवू लागले. वर जुन्या चादरीची सावलीही केली. तरी एकेक भोपळा पिवळा पडून गळला.

"ऊन हात धुऊन मागे लागलंय," ते म्हणायचे.

एका सकाळी त्यांनी ब्रश माझ्या हाती दिला. भपकन वास आला.

"काका, हा कशात धुता?"

"टर्पेंटाइनमध्ये. ब्रश आणखी कशात धुतात?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, मग फुलं जगतील कशी?"

काकांचा चेहरा पडला.

त्यानंतर एकच मादीफूल उमललं. काकांनी कोपरापर्यंत हात धुतले, नरफूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला दांडा हलकेच त्या फुलात टेकवला. तो भोपळा काही दिवस हिरवा राहिला. मग तोही पिवळा पडला. वेलीवर आता कळी नव्हती, आणि वेल बुडापासून वाळत चालली होती.

"मेलं ऊनच असलं," मी म्हटलं. "तुम्ही तरी काय करणार?"

काका पायरीवर बसून स्वतःची बोटं हुंगत होते.

"वेलीजवळ गेलो की तुझी काकू ओरडायची, आधी हात धुऊन या. मला वाटायचं, हिला माझ्या धंद्याची किळस येते. त्यावरून किती भांडलो, शेवटी तिकडे जाणंच सोडलं." त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली. "तिनं सांगितलं होतं गं. रोज सांगत होती."