पाण्यात ठेवायची होडी

"आत्या, बाबा गेले," सुनील फोनवर एवढंच म्हणाला. परभणीच्या दवाखान्यातून बोलत होता. मी जिंतूरहून मिळेल त्या एसटीनं निघाले. झरी मागं पडली तरी मला रडू आलं नाही. मनात एकच घोळत होतं... भाऊ शेवटचे महिने आपल्या मुलाशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता ते कायमचंच राहिलं.

रंगनाथ माझा थोरला भाऊ. तरुणपणीच नौदलात गेला, निवृत्त होऊन जिंतूरला परतला आणि येलदरी धरणाच्या काठावर सागवानी फळ्यांची शिडाची होडी बांधायला बसला. लोक हसले. "मासे धरायचे न्हाईत, तर होडी कशाला?" असं तोंडावर विचारायचे. तो म्हणायचा, "बसायला." वहिनी गेल्यावर तर त्याच्या सगळ्या संध्याकाळी पाण्यावरच जाऊ लागल्या. दिवाळीनंतर मात्र त्याची छाती भरायची, थंडी सोसायची नाही, म्हणून तो होडी हिवाळ्यापुरती बंद करून ठेवायचा. त्या दिवशी डबा घेऊन मी सोबत असायचे. शीड उतरवून धुवायचं, खडकावर वाळवायचं. डोलकाठी काढून होडीत आडवी करायची. तळाचं पाणी उपसून लाकडाला तेलाचा हात द्यायचा, वर ताडपत्री ताणायची. मग खोल पाण्यात नांगर टाकून दोर भरपूर ढिला सोडायचा, कारण रब्बीला कालवे सुटले की धरण उतरत जातं. "एवढा खटाटोप करण्यापेक्षा वर ओढून का ठेवत न्हाईस?" मी एकदा विचारलं. "लाकूड वाळलं की फळ्या आखडतात, सांधे उघडे पडतात," तो म्हणाला. "हिला पाण्यातच झोपू द्यायचं."

मागच्या दिवाळीत त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी धरणावर जायला बंदी घातली. सुनील परभणीहून आला होता, तो म्हणाला, "मी करतो ना बाबा, तुमी पडा." भाऊनं त्याला समोर बसवून सगळं समजावलं, आणि शेवटी त्याचा हात धरून म्हणाला, "पाण्यातच ठेव. कुणी काही म्हणू दे, वर ओढू नको." सुनील जाऊन आला. "झालं. खोल पाण्यात हाय." पुढं भाऊ फोनवर विचारील तेव्हा तो सांगायचा, "परवाच बघून आलो. मस्त डुलायलीय." फोन ठेवल्यावर भाऊचा चेहरा बराच वेळ उजळलेला असायचा.

माघात त्याला जरा बरं वाटलं. "लांबूनच बघू," म्हणाला. जीप करून गेलो. होडीच्या जागी नुसतं पाणी होतं. दोर तुटला असेल म्हणून तो काठानं नजर फिरवत राहिला, आणि मग वर, बाभळीच्या झुडपांत, होडी कलंडलेली दिसली. ट्रॅक्टरनं ओढल्याची खूण मातीत तशीच होती. दगडावर आदळून तळाची फळी मोडली होती, बाकीच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. भाऊ खाली बसला. मी तिथूनच सुनीलला फोन लावला.

"आत्या, त्यांच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "होडी नीट राहिली असती तर उन्हाळ्यात परत गेले असते. एकटे, तसल्या छातीनं... काही झालं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं."

मी फोन भाऊच्या कानाला लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "भांडलो असतो आपण. डुलायलीय कशाला सांगितलंस?"

मुलाशी त्याचं ते शेवटचं बोलणं. सुनील दोन-तीनदा जिंतूरला येऊन गेला, भाऊ भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. दवाखान्यातही तसंच. सुनील खाटेजवळ बसून पाय दाबायचा, आणि भाऊ पाय ओढून घ्यायचा.

दहाव्याला आलेल्या माणसांना सुनील सांगत होता, "बाबांचा त्या होडीवर लय जीव होता." सांगता सांगता तो रडत होता. ते रडणं खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या आठवड्यात तो भाऊचं घर रिकामं करायला आला. खोली कोंदली होती. वाऱ्यानं आपटायची म्हणून भाऊनं आजारपणात खिडकीची झडप दोरीच्या तुकड्यानं गजाला बांधून ठेवली होती. सुनीलनं गाठ ओढून पाहिली, हिसडून पाहिली. ती आणखीच आवळली.

"आत्या, तो चाकू द्या बरं इकडं."

चाकू माझ्या हाताशीच होता.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मग अंधाऱ्या खोलीतच सामान बांधू लागला.